फेणीचं चॉकलेट

पहिला फटका माझ्या बायकोनं मारला. उजव्या खांद्यावर. काठी बांबूची होती आणि गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मला दुखण्याच्या आधी ऐकू आला.

मी भिकाजीच्या दारूच्या दुकानासमोर, भर रस्त्यात गुडघ्यांवर बसलो होतो. समोर शालन. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले. तिच्या मागं पथकातल्या बायका आणि त्यांच्या मागं सगळं गाव. आमच्याकडं तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिकटी म्हणतात. त्या दुपारी तिकटीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

"उठा," शालन म्हणाली.

मला उठता येईना. तिनं दुसरा मारला.

आता कुणालाही वाटेल, ह्या बाबानं काहीतरी केलंच असणार. तर सांगतो काय केलं होतं ते. मी चॉकलेट खाल्लं होतं.

मी शंकर नांदवडेकर. गाव कुरणवाडी, आजऱ्याच्या पलीकडं, गोव्याच्या वाटेवर. काजूच्या कारखान्यात मुकादम होतो. आख्खा काजू वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, हे बघण्यात माझं आयुष्य गेलं. दारूला कधी शिवलो नाही. विडी नाही, तंबाखू नाही. नाद एकच, चॉकलेटचा, आणि तो लावला कायताननं. कायतान म्हापशाचा. आमच्याकडून पाकळी घेऊन जायचा आणि तिची चॉकलेटं करायचा. खेपेला आला की मला मूठभर देणार.

"घ्या मुकादम," म्हणायचा, "तुमचेच काजू. कपडे घालून परत आणलेत."

चॉकलेट कसं खायचं हे लोकांना कळत नाही. बचाबचा चावतात. अशा माणसांना फुटाणे द्यावेत. चॉकलेट तोंडात ठेवायचं, जीभ टाळूला लावायची आणि गप बसायचं. आधी जरा कडसर लागतं, मग गोडी सुटते, मग सगळं पातळ होऊन घशाखाली उतरतं आणि मागं एकटी काजूची पाकळी राहते. ती तेवढी चावायची. तेवढ्या वेळात भट्टीचा धूर आठवत नाही की मालकाच्या शिव्या आठवत नाहीत. मी तापट माणूस, पण तोंडात चॉकलेट असताना मी कुणावर ओरडल्याचं कुणी सांगावं.

पुढं मला साखर निघाली. गडहिंग्लजच्या डॉक्टर कोरींनी पहिल्याच दिवशी फैलावर घेतलं.

"नांदवडेकर, चॉकलेट म्हणजे विष असं मी म्हणत नाही. काळं, कडू, नखाएवढं खाल्लंत तर हृदयाला बरंच आहे म्हणतात. तुम्ही खाता ते निव्वळ दूध-साखरेचं. ते बंद."

"बंद म्हणजे अगदीच?"

"अगदीच. आणि दुसरं ऐका. ही गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही. साखर एकदम खाली गेली तर घाम फुटेल, हातपाय कापतील, जीभ जड होईल. माणूस प्यायलाय असंच लोकांना वाटतं. तसं झालं तर लगेच साखर तोंडात टाका. खिशात खडीसाखर ठेवत जा."

शालन शेजारच्या खुर्चीवरच बसली होती. हे तिनंही ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ती माझ्या सदऱ्याच्या खिशात खडीसाखरेची पुडी ठेवायला लागली. मी कारखान्यात गेलो की पुडी बायकांच्यात वाटून टाकायचो आणि तिच्या जागी कायतानचं चॉकलेट ठेवायचो. गोड ते गोड, असा माझा हिशेब. साखर खाली जाईल तेव्हा औषध म्हणून चॉकलेट खायला मिळेल, म्हणून मी वाटच बघायचो म्हणा ना.

शालनबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिचा बाप दारुडा होता. प्यायला की बायकोला मारायचा. एकदा चुलीतल्या लाकडानं कानावर असं मारलं की शालनची आई त्या कानानं पुन्हा ऐकू शकली नाही. मी बघायला गेलो तेव्हा पोरीनं सगळ्यांच्या देखत मला एकच विचारलं होतं, "मारणार न्हाई न्हवं?" मी न्हाई म्हणालो. तीस वर्षं तो शब्द पाळला. मी ओरडतो, ताट ढकलतो, दार आपटतो. हात कधी उगारला नाही. आणि मी ओरडत असताना ती खुशाल भाकरी थापत बसायची.

गावात भिकाजीनं देशी दारूचं दुकान टाकलं आणि चार-पाच वर्षांत घराघरात शालनच्या माहेरासारखा तमाशा सुरू झाला. तेव्हा बायकांनी पथक काढलं, अध्यक्ष शालन. पिऊन कुणी तिकटीवर आला की त्याला धरायचं. वास घ्यायचं काम तानूआक्काचं. म्हातारीला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण नाक असं की देशी, हातभट्टी, गोव्याची, सगळं वेगळं सांगायची आणि कधी चुकायची नाही. तिनं मान हलवली की काठी. सुरुवातीला काय व्हायचं, ज्याला मार बसला त्याचीच बायको दुसऱ्या दिवशी पथकाच्या दारात भांडायला यायची, माझ्या नवऱ्याला का हात लावला म्हणून. मग शालननं नियम केला. तोंडाला वास आला, की पहिला फटका घरच्या माणसाचा. घरच्यानं मारल्याशिवाय दुसऱ्या कुणी मारायचं नाही, आणि घरच्यानं मारलं की कुणी तक्रार करायची नाही. हा नियम तिनं तिकटीवर उभं राहून मोठ्यांदा सांगितला होता. भिकाजी तेव्हा दुकानाच्या दारात दात कोरत ऐकत होता.

एप्रिल महिना होता. त्या रविवारी आडवी बाटलीचं मतदान ठरलं होतं. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला की दुकानाला कायमचं कुलूप. शालन दोन महिने घरोघर फिरत होती. भिकाजीही फिरत होता, साड्या वाटत. त्याला एवढंच दाखवायचं होतं की ह्या बायका दुसऱ्यांच्या नवऱ्यांना मारतात आणि आपल्या घरात बघत नाहीत.

त्याआधीच्या गुरुवारी सकाळी मी गोळी घेतली. दुपारी जेवायला बसणार तोच कायतानची गाडी आली. माल चढवता चढवता डबा तसाच राहिला. जाताना त्यानं माझ्या खिशात चांदीच्या कागदातली दोन चॉकलेटं टाकली.

"नवी हायत, मुकादम. खाऊन सांगा कशी झाली."

आता घरी जाऊनच जेवू म्हणून निघालो. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. ओढ्याच्या पुलावर हात कापायला लागले. मग कपाळावर घाम, गार. मी मनात म्हणालो, आलं बुवा औषध खायचं निमित्त. एक चॉकलेट काढलं आणि तोंडात ठेवलं. ते विरघळायला लागलं आणि आतून काहीतरी पातळ, झणझणीत तोंडभर फुटलं. नाकातून वास गेला. काजूच्या बोंडांचा, कुजकट, फेणीचा. कायताननं चॉकलेटाच्या पोटात फेणी भरली होती.

थुंकायला पाहिजे होतं. पण तोवर मला गोड एवढंच कळत होतं. गिळलं.

थोडा वेळ थांबलो, उतार पडेल म्हणून. पडेना. रस्ता एकाचे दोन दिसायला लागला. घर गाठायचं म्हणून भिंती धरत तिकटीपर्यंत आलो आणि तिथं पाय गेले. पडलो तो नेमका भिकाजीच्या बाकड्यावर. बाकड्यावरचे पेले खाली पडून फुटले.

"या या, नांदवडेकर," भिकाजी म्हणाला. मग हात तोंडापुढं धरून त्यानं समोरच्या मारुतीच्या देवळाकडं हाक दिली. देवळात पथकाची बैठक चालली होती. "अध्यक्षीणबाई, तुमच्या घरचं गिऱ्हाईक आलंय वो."

बायका आल्या. माझं मानगूट धरून मला बसवलं. मी बोलायला गेलो तर जीभ हलेना, नुसती लाळ गळाली. तानूआक्का पुढं वाकली. तिनं माझ्या तोंडाजवळ नाक आणलं आणि तशीच थांबली.

"फेणी हाय," ती हळूच म्हणाली.

"परत बघा," शालन म्हणाली.

"बगितलं बाई. फेणीच हाय."

भिकाजी बाकडं झाडत होता. "नियम काय म्हणायचा तो?" त्यानं कुणाला तरी विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

शालनचा चेहरा मला दोन-दोन दिसत होता. दोन्ही चेहऱ्यांवर माझी ओळख नव्हती. आणि मग तो पहिला फटका.

दुसरा मांडीवर बसला. तिसरा पाठीत, असा की मी तोंडावर आपटलो आणि ओठ दातात सापडून फाटला. नियमाप्रमाणं आता इतरांनी मारायचं. दोघी-तिघींनी मारलंही, कुणीतरी चपलेनं, कुणीतरी लाथेनं. माझ्या बरगडीवर टाच पडली तेव्हा मला दुखलं नाही, आणि त्याचंच मला भय वाटलं. वाटलं, मेलो मी. आणि दारुडा म्हणून मेलो.

पुढचं मला तानूआक्कानं सांगितलं.

मी वाकडा व्हायला लागलो. डोळे वर गेले. बायकांना वाटलं सोंग करतोय. मला उठवायला शालननं माझ्या मानेला हात घातला आणि चटका बसल्यागत मागं घेतला. मग परत लावला. कपाळाला लावला, छातीला लावला.

"गार हाय," ती म्हणाली. "तानूआक्का, ह्यांचं अंग गार हाय."

"मग काय झालं?"

"माझ्या बापाचं अंग दारूत तापायचं. भट्टीगत तापायचं." तिनं काठी टाकली. "साखर आणा कुणीतरी. पळा. साखरपाणी आणा."

तानूआक्काची सून पळाली. पण दुपारची वेळ, किराणा दुकानं बंद, जवळचं घर म्हटलं तरी देवळामागं. माझी दातखीळ बसत चालली होती. शालननं माझा खिसा चाचपला, खडीसाखरेची पुडी असेल म्हणून. पुडी कुठली. हाताला लागलं दुसरं चॉकलेट, चेपलेलं. तिनं कागद फाडला. वास आला. तिला सगळं एका क्षणात कळलं असणार, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनाही वास आला.

"वहिनी, त्यात दारू हाय," कुणीतरी म्हणालं.

शालननं ते चॉकलेट आपल्या तोंडात टाकलं. जिनं दारूपायी बापाचं सुतकसुद्धा धरलं नाही, तिनं ते फेणीचं चॉकलेट चावलं, लेकराला भरवतात तसं मऊ केलं, आणि बोट घालून माझ्या हिरड्यांना, गालाच्या आतून चोळलं. परत चोळलं. तिचं बोट माझ्या दातात सापडून रक्त आलं तरी काढलं नाही.

"बघा रे," भिकाजी ओरडला. "दारूबंदीची पुढारीण नवऱ्याला फेणी भरवत्या."

कुणी हसलं नाही म्हणतात. मग साखरपाणी आलं. ते तिनं पदराच्या टोकानं थेंब थेंब पिळलं.

डॉक्टर कोरी नंतर म्हणाले, चॉकलेटातल्या तुपटपणामुळं साखर रक्तात सावकाश चढते, तुम्ही वाचलात ते साखरपाण्यानं. असेल. ते शिकलेले आहेत. पण मला शुद्ध येताना जिभेवर पहिल्यांदा जे कळलं ते चॉकलेट होतं. आधी कडसर, मग गोड.

डोळे उघडले तर मी शालनच्या मांडीवर. ती माझ्या तोंडावरचं रक्त पुसत होती. कुणीतरी जीप आणायला गेलं होतं. खांदा पेटला होता. सगळं संपलं असं मला वाटलं.

तेवढ्यात भिकाजी पुढं आला. ती टाकलेली काठी त्यानं उचलली.

"तानूआक्का," तो म्हणाला, "अध्यक्षीणबाईंच्या तोंडाचा वास घ्या की."

"मेल्या, तिनं जीव वाचवाया..."

"ते मला म्हाईत न्हाई. तोंडाला वास आला, की पहिला फटका घरच्या माणसाचा. ह्याच जाग्यावर सांगितलं होतं त्यांनी. का तुमचे नियम दुसऱ्यांच्या घरापुरतेच? रविवारी मत टाकायला जाणाऱ्या बायकांना कळू दे."

तो बोलत असताना मी बायकांची तोंडं बघितली. ज्यांच्या नवऱ्यांनी ह्या तिकटीवर मार खाल्ला होता त्या सगळ्या तिथं होत्या. त्यांच्यातली एक खाली बघायला लागली. मग दुसरी. शालननंही ते बघितलं.

तिनं माझं डोकं मांडीवरून अलगद उतरवलं आणि मला बाकड्याला टेकवून बसवलं. भिकाजीच्या हातातली काठी घेतली. ती माझ्या डाव्या हातात दिली, उजवा तर लोंबतच होता. मग माझ्याकडं पाठ करून ती जमिनीवर बसली.

"मारा," म्हणाली.

"शालन, येडी झालीस काय?" माझी जीभ अजून अडखळत होती.

"नियम हाय. मारा."

"मी न्हाई मारणार."

"अवो, दोन महिने उन्हातान्हात फिरले मी. ह्या बायांना मी आपल्याच हातानं नवऱ्यांना मारायला लावलं. तुम्ही न्हाई मारलं तर रविवारी एक बाई यायची न्हाई. मारा."

मी काठी तिच्या पाठीला टेकवली. नुसती टेकवली.

"जोरात," ती म्हणाली. "बघत्यात सगळी."

मी मारला. डाव्या हातानं, बसल्या जागेवरून, पण मारला. फाट्कन आवाज आला. तिच्या चोळीच्या वरच्या उघड्या पाठीवर पांढरी रेघ उठली आणि बघता बघता लाल झाली. ती हलली नाही. माझ्या पोटातलं सगळं वर आलं आणि मी तिथंच ओकलो, साखरपाणी, चॉकलेट, सगळं.

तानूआक्कानं काठी माझ्या हातातून हिसकून घेतली आणि भिकाजीच्या नडगीवर अशी घातली की तो बोंबलत आपल्याच दुकानात शिरला. बायका दगड घेऊन त्याच्या मागं गेल्या. बाटल्या फुटल्याचा आवाज जीप गाव सोडेपर्यंत येत होता.

रविवारी बाटली आडवी झाली. निम्म्याहून कितीतरी जास्त बायका आल्या होत्या. मी गडहिंग्लजच्या दवाखान्यात होतो, खांदा बांधलेला, ओठाला टाके. शालन मतमोजणी आटपून रात्रीच्या शेवटच्या बसनं आली. निकाल तिनं, भाजीला मीठ जास्त झालं सांगावं तसा सांगितला. मग डबा उघडला, भाकरी कुस्करली, मला भरवायला लागली.

माझ्या मनात एक गोष्ट सलत होती. तीन दिवस सलत होती.

"शालन, एक विचारू?"

"इचारा की."

"पहिला फटका नियमाचा होता. ते कळतं मला. नियम एकाच फटक्याचा हाय. पुढचे दोन का मारलेस?"

ती घास हातात धरून बसली.

"डॉक्टर म्हणाले होते, प्यायल्यागत दिसंल. मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "पण तो वास आला आणि मला काय दिसंनाच. पहिला नियमाचा होता. पुढचे दोन माझ्या बापाचे होते. त्याला कधी मारता आलं न्हाई."

तिनं घास माझ्या तोंडात दिला. डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसलं आणि दुसरा घास करायला लागली. मला तिची फार माया आली. कधी बोलता येतं मला असलं? मी डावा हात उचलला आणि तिच्या पाठीवर ठेवला, जिथं रेघ उठली होती तिथं.

ती दचकली. अंग चोरून बाजूला झाली, हातातला घास खाली पडला. मी तीस वर्षं ओरडलो, ताटं ढकलली, दारं आपटली, पण ती माझ्या हाताला कधी दचकली नव्हती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "हात गार हाय तुमचा."

पथकानं त्यानंतर काठ्या टाकल्या. आता एखादा झोकांड्या खात आला की आधी त्याच्या तोंडात साखर घालतात, मग वास घेतात. कायतान अजून येतो. डॉक्टरांनी परवानगी दिलेलं काळं, कडू चॉकलेट शालन डब्यात ठेवते आणि रविवारी नखाएवढा तुकडा मोडून देते. तो मी जीभ टाळूला लावून सावकाश खातो, ती समोर बसून बघते. कधी कधी खाऊन झाल्यावर मी तिच्या पाठीवर हात ठेवतो. एवढी वर्षं झाली, अजूनही तिचं अंग एकदा आकसतं. मग ती म्हणते हात गार हाय, आणि मी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळत बसतो.